प्रश्न कोणाचा, निवाडा कोणाचा, नोंद कोणाच्या नावाची? – शेतकरी, संशोधक आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याचा अभ्यास

पिकांच्या सुधारणेसाठी शेतकरी, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र काम करावे, याविषयी आज दुमत नाही. मतभेद उद्भवतात ते पुढे. चाचणी संपते, अहवाल छापला जातो, वाण प्रसारित होते. आणि ज्याच्या शेतात किंवा ज्याच्या बियाण्यापासून हे सारे घडले, त्याच्या हाती मात्र काही उरत नाही. दुसऱ्या वर्षी तोच शेतकरी चाचणीसाठी जागा देण्यास नाखूश असतो. त्याला ‘उदासीन’ म्हणून आपण मोकळे होतो.

अशा सहकार्याचे यश सद्भावनेपेक्षा तीन गोष्टींवर अवलंबून असते. अभ्यासाचा प्रश्न कोणी ठरविला, निष्कर्षाचा निवाडा कोणी केला आणि कामाची नोंद कोणाच्या नावाने झाली, या त्या तीन गोष्टी होत. प्रस्तुत पाठात काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे त्यांचा विचार केला आहे. शेवटी एका खरीप हंगामाची कार्यपद्धती दिली आहे.

१. एस्प्लनेडवरील आरंभ

कोलकात्याच्या एस्प्लनेड परिसरात, एस्प्लनेड रो वेस्ट या रस्त्यावर, उच्च न्यायालयाच्या शेजारी टाउन हॉलची इमारत उभी आहे. १४ सप्टेंबर १८२० रोजी या वास्तूत एक सभा भरली आणि तीतून अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. भारतात शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या आरंभीच्या संस्थांपैकी ही एक होय. ती आजही कोलकात्यातील अलीपूर भागात कार्यरत आहे.

संस्थेचे प्रवर्तक विल्यम कॅरी मराठी वाचकाला अगदीच परके नाहीत. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या कुंभा या वृक्षाचे शास्त्रीय नाव ‘कॅरिया आर्बोरिया’ असे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी या प्रजातीला कॅरी यांचे नाव दिले. कॅरी यांनी दिनाजपूर भागातील शेतीचे बारकाईने निरीक्षण करून त्यावर निबंध लिहिला होता आणि तो ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेत छापला गेला.

एप्रिल १८२० मध्ये कॅरी यांनी संस्थेचे जे उद्देशपत्रक प्रसृत केले, त्यात जमीन सुधारणे, नवी व उपयुक्त पिके आणणे, पडीक जमीन वहितीखाली आणणे आणि जनावरांची पैदास सुधारणे, असे विषय होते. भारतीय गृहस्थांना युरोपीयांच्या बरोबरीने सभासदत्व आणि पदाधिकार मिळावेत, असा आग्रहही त्यात होता. त्या काळाचा विचार करता ही भूमिका पुढची होती.

तरीही आजच्या दृष्टीने पाहता एक उणीव स्पष्ट दिसते. सभासद म्हणून ज्या भारतीयांचा विचार झाला ते प्रामुख्याने जमीनदार होते. त्यांच्या जमिनी सुधाराव्यात आणि त्या जमिनींवर राहणाऱ्या रयतेचे भले व्हावे, अशी त्यामागची धारणा होती. नांगर धरणारी रयत स्वतः सभासदांच्या यादीत नव्हती. ती सुधारणेची लाभार्थी ठरली, सहकारी ठरली नाही.

या उणिवेचे गांभीर्य समजण्यासाठी त्याच बंगालमधील निळीच्या शेतीकडे पाहावे. नीळ हे तंत्रदृष्ट्या प्रगत आणि निर्यातीचे पीक होते. पेरणी, कापणी, हौदात कुजविणे, वड्या पाडणे या प्रत्येक टप्प्याचे ज्ञान मळेवाल्यांकडे होते. नीळ पेरायची की भात, हे ठरविण्याचा अधिकार मात्र दादनीच्या, म्हणजे उचलीच्या, ओझ्याखाली दबलेल्या रयतेकडे नव्हता. १८५९-६० मध्ये बंगालच्या रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला आणि १८६० मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. एस्प्लनेडवरील सोसायटी या उठावाचे कारण होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. या घटनेतून शिकण्याजोगी गोष्ट निराळी आहे. पिकाचे ज्ञान कितीही वाढले, तरी पिकाचा निर्णय ज्याने सोसायचा त्याला त्या निर्णयात स्थान नसेल, तर ते ज्ञान त्याला जाचच वाटते.

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतीच्या दुरवस्थेची चिकित्सा शेतकऱ्याच्या बाजूने केली आणि बांधबंदिस्ती, पाणी, जनावरे व शिक्षण यांविषयी उपाय सुचविले. पुढे ब्रिटिश शासनाने पाठविलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी देशभर फिरून १८९३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. उत्तम भारतीय शेतकरी हा सर्वसाधारण ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत त्याहून सरस आहे, असे त्यांनी नमूद केले. शेतकऱ्याजवळ ज्ञान आहे, हे अशा प्रकारे एकोणिसाव्या शतकातच नोंदले गेले होते. त्या ज्ञानाला संशोधनाच्या व्यवस्थेत स्थान कसे द्यावे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

२. पूर्व भारतातील भात: प्रत्येकाचे बळ निराळे

सहकार्यात कोणाचे बळ कशात आहे, हे पूर्व भारतातील भाताच्या दोन उदाहरणांवरून कळते.

पहिले उदाहरण पुराच्या पाण्याचे. ओडिशातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जपलेल्या ‘धळपुटिया’ या स्थानिक भातातून निवड करून ‘एफआर १३ ए’ हे वाण पुढे आले. पूर्ण पाण्याखाली गेल्यावरही हे भात तग धरून राहते. शास्त्रज्ञांनी त्यातील ‘सब १’ हा जनुकीय भाग शोधला, २००६ मध्ये त्यातील नेमके जनुक ओळखले आणि चिन्हक-साहाय्यित संकराने तो गुण लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात आणला. २००९ मध्ये भारतात प्रसारित झालेले ‘स्वर्णा-सब १’ सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा वाढू शकते. नेमके जनुक ओळखून ते दुसऱ्या वाणात आणणे हे प्रयोगशाळेवाचून शक्य नव्हते. मात्र मुळात तो गुण पूरप्रवण शेतात टिकवून ठेवणे प्रयोगशाळेला शक्य नव्हते. संशोधनाच्या नोंदीत ‘एफआर १३ ए’ हे सांकेतिक नाव राहिले. मूळ वाण जपणारी गावे व कुटुंबे यांची नावे राहिली नाहीत.

दुसरे उदाहरण खाऱ्या पाण्याचे. २५ मे २००९ रोजी आलेल्या ऐला चक्रीवादळात कोलकात्याच्या दक्षिणेस असलेल्या सुंदरबनातील बांध फुटले आणि शेतांत समुद्राचे पाणी शिरले. जमिनी खारट झाल्या. नेहमीची अधिक उत्पादनाची वाणे तेथे येईनात आणि क्षार सहन करणारी जुनी वाणे अनेक गावांतून नाहीशी झालेली होती. अशा वेळी पर्यावरणशास्त्रज्ञ देबल देब यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘व्रीही’ या बियाणे संग्रहातून क्षारसहिष्णू देशी वाणे सुंदरबनातील शेतकऱ्यांना देण्यात आली. बाजाराला ज्या वाणात रस नाही, असे वाण दरवर्षी पेरून जिवंत ठेवणे हे काम ना नफा तत्त्वावर चालणाऱ्या संस्थेने केले, म्हणून संकटात बियाणे उपलब्ध झाले.

या दोन उदाहरणांवरून कामाची वाटणी स्पष्ट होते. शेतकऱ्याकडे विविधता आणि स्थानिक पारख असते. संशोधकाकडे कारणमीमांसा आणि गुण नेमकेपणाने हलविण्याचे साधन असते. स्वयंसेवी संस्थेकडे गावाशी दीर्घकाळचे नाते आणि बाजारमूल्य नसलेले काम चालू ठेवण्याची तयारी असते. यांपैकी एकाची जागा दुसऱ्याने घेता येत नाही.

३. नांदेडचे धान: नोंद राहून गेली तर

आता महाराष्ट्राकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात काही निराळ्या, पिवळसर दाण्यांच्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपून ठेवले, पुढच्या हंगामात छोट्या वाफ्यात स्वतंत्र पेरले आणि दरवर्षी निवड करीत बियाणे वाढविले. बारीक दाणा आणि उत्तम भात यांमुळे हे धान पसंतीस उतरले. १९९० च्या सुमारास ते बाजारात पोहोचले, तेव्हा त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाच्या नावावरून ते ‘एचएमटी’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

या कामाचे शास्त्र समजून घेणे विस्तार कार्यकर्त्यांना उपयुक्त आहे. धान हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्यात परपरागीभवनाचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे शेतात एखादे निराळे झाड आढळल्यास ते मिसळ, नैसर्गिक संकर किंवा उत्परिवर्तन यांतून आलेले असते. त्याची लोंबी वेगळी पेरली आणि प्रत्येक पिढीत भिन्न दिसणारी झाडे काढून टाकली, तर काही हंगामांत बऱ्यापैकी स्थिर वाण हाती येते. पैदासकार ज्याला शुद्ध वंश निवड म्हणतात, ती हीच पद्धत. दादाजींनी ती प्रयोगशाळेविना, दीड-दोन एकरांच्या संसारात राबविली.

१९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे प्रयोगासाठी नेले. १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. आपल्या वाणाचे श्रेय आपल्याला मिळाले नाही, अशी दादाजींची तक्रार होती. मूळ बियाण्याचे शुद्धीकरण करून एकसारखे वाण तयार केले, अशी विद्यापीठाची बाजू होती. हा वाद सर्वश्रुत आहे आणि त्याचा निवाडा करणे हा या पाठाचा हेतू नाही. शुद्धीकरण हेही पैदाशीचे खरेखुरे काम आहे. परंतु शुद्ध करण्यासारखे काही आधी कोणीतरी निर्माण केलेले असावे लागते. दोन्ही कामांची नोंद एकाच कागदावर झाली असती, तर वादाचे मूळच उरले नसते.

पुढे अहमदाबाद येथील नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने दादाजींच्या कामाची दखल घेतली आणि २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. त्यांनी ‘डीआरके’, ‘नांदेड ९२’, ‘नांदेड हिरा’ यांसह आणखी काही वाणे निवडली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे धान अनेक राज्यांत पिकत असतानाही अखेरच्या काळात त्यांना आर्थिक विवंचनेला तोंड द्यावे लागले.

१९९४ मध्ये बियाणे नेले गेले तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदा देशात नव्हता. ‘पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा’ २००१ मध्ये झाला. आज ही परिस्थिती बदलली आहे आणि म्हणूनच अज्ञानाची सबब आज पुरेशी ठरत नाही. कायद्यातील पुढील तरतुदी प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याला माहीत असाव्यात.

• कलम ३९: नवे वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराप्रमाणेच नोंदणीचा हक्क आहे. शेतकऱ्याला बियाणे राखून ठेवणे, पेरणे, देवाणघेवाण करणे व विकणेही मुभेचे आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे छाप लावून विकता येत नाही.
• कलम १८ व ४०: नव्या वाणाच्या नोंदणी अर्जात मूळ वाणांची माहिती, ते कोठून आणले याचा तपशील आणि ग्रामीण वा आदिवासी कुटुंबांनी जपलेली सामग्री वापरली असल्यास तसा उल्लेख करणे बंधनकारक आहे.
• कलम ४१: एखाद्या वाणाच्या जडणघडणीत गावाचा वाटा असल्यास त्या गावाच्या वतीने व्यक्ती, गट, शासकीय किंवा स्वयंसेवी संस्था दावा दाखल करू शकते.
• कलम ४४: प्राधिकरणापुढील कामकाजासाठी शेतकऱ्याला शुल्कमाफी आहे.
• कलम ४५: राष्ट्रीय जनुक निधीची तरतूद आहे. वाणांचे जतन करणाऱ्या शेतकऱ्यांचा या निधीतून सन्मान करता येतो.

कलम ४१ मध्ये स्वयंसेवी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. कागदपत्रांची भाषा आणि शेतकऱ्याची भाषा यांमधील अंतर भरून काढणे ही त्या संस्थेची कायद्यानेही मान्य केलेली भूमिका आहे.

४. अकोल्याचे बियाणे: नोंद आधी झाली तर

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात कोंभाळणे हे आदिवासी गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह भाजीपाला, भात व कडधान्यांचे देशी वाण जपले. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेने या भागात काम करताना त्यांच्यासारख्या बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यांना संघटित केले. कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती स्थापन झाली आणि गावात बियाणे बँक उभी राहिली. नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट बियाणे परत करावयाचे, असा तेथील साधा दंडक आहे. २०२० च्या पद्म पुरस्कारांत राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली.

या कामाला संशोधनाची जोडही मिळाली. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पुढाकाराने २०१४ ते २०१९ या काळात महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्प राबविण्यात आला. त्यात बायफने जव्हार, अकोले, धडगाव यांसारख्या भागांतील स्थानिक पीक वाणांचे संकलन, वर्णन आणि जागेवर संवर्धन केले. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुढील पाच वर्षांसाठी महाराष्ट्र जनुक कोशास १७२.३९ कोटी रुपयांची मान्यता दिली.

नांदेड आणि कोंभाळणे येथील शेतकऱ्यांच्या प्रतिभेत उणे-अधिक नव्हते. फरक व्यवस्थेत होता. नांदेडमध्ये शेतकरी व संशोधन केंद्र यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते, आणि जी मान्यता मिळाली ती वाण प्रसारित झाल्यानंतर मिळाली. अकोल्यात संकलनाच्या वेळीच बियाण्यासोबत ते जपणाऱ्या कुटुंबाची व गावाची माहिती नोंदली जाऊ लागली आणि बियाण्याचा मूळ साठा गावाच्याच ताब्यात राहिला. संशोधकाकडे नमुना जातो, पण बँक गावातच राहते. ही मांडणी सर्वत्र अनुकरणीय आहे.

५. एका खरीप हंगामाची कार्यपद्धती

महाराष्ट्रात या त्रिपक्षीय कामाचा सांगाडा मुळात तयार आहे. बारामती, बाभळेश्वर, नारायणगाव येथील केंद्रांप्रमाणे राज्यातील अनेक कृषी विज्ञान केंद्रे स्वयंसेवी किंवा शिक्षण संस्थांमार्फत चालतात आणि तेथे विषयतज्ज्ञ असतात. त्याच सांगाड्यात पुढील पद्धत बसविता येते. भात हे पीक उदाहरणादाखल घेतले आहे.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास – प्रश्न ठरविणे. प्रथम प्रक्षेत्र चाचणी आणि आद्यरेखा प्रात्यक्षिक यांतील फरक गावात स्पष्ट सांगावा. प्रात्यक्षिकात सिद्ध झालेले तंत्र दाखवायचे असते. चाचणीत उत्तर आधी कोणालाच माहीत नसते. चाचणीच्या नावाखाली प्रात्यक्षिक करणे ही सहकार्यातील सर्वांत नेहमीची चूक आहे, कारण तेथे शेतकऱ्याला विचारण्यासारखे काही उरतच नाही. गावसभेत स्त्रिया व पुरुष यांच्या स्वतंत्र बैठका घ्याव्यात. पुरुष अनेकदा उतारा व बाजारभाव सांगतात. स्त्रिया शिजण्याचा वेळ, भाताचा मऊपणा, बियाण्याची साठवण आणि कापणीचे कष्ट यांविषयी बोलतात. दोन्ही याद्यांमधून चाचणीचे निकष ठरवावेत.

मृगापूर्वी – लेखी समजुतीचा कागद. एका पानाचा, मराठीत लिहिलेला हा कागद पुढील बाबी स्पष्ट करील: (अ) बियाणे कोणाचे व कोठून आले, (आ) नमुना संशोधन संस्थेकडे गेल्यास त्याचा उपयोग कशासाठी होईल आणि पुढील वापरासाठी कोणाची संमती लागेल, (इ) चाचणीत नुकसान झाल्यास भरपाई कोण व कशी देईल, (ई) आकडे शेतकऱ्याला कधी व कोणत्या स्वरूपात परत मिळतील, (उ) अहवालात, लेखात किंवा नोंदणी अर्जात कोणाची नावे येतील. कागदाच्या तीन प्रती कराव्यात. एक प्रत शेतकरी गटाकडेच राहावी.

जून-जुलै – मुख्य चाचणी आणि उपचाचण्या. आफ्रिकेतील मलावी देशात विकसित झालेली ‘मदर-बेबी’ ही चाचणीची पद्धत आपल्याकडेही उपयोगी आहे. गावातील एका मध्यवर्ती शेतात सर्व वाणांची तीन पुनरावृत्तींसह मुख्य चाचणी घ्यावी. तिची देखरेख संशोधकाकडे असावी. त्याच वेळी पंधरा-वीस शेतकऱ्यांनी त्यांपैकी दोन किंवा तीन वाणे आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी, प्रत्येकी एक गुंठ्यात, स्वतःच्या पद्धतीने घ्यावीत. मुख्य चाचणीतून नेमकी तुलना मिळते, तर उपचाचण्यांतून वाण वास्तवात कसे वागते ते कळते. शेतकरी निवडताना रस्त्यालगतचे व बागायतीच तेवढे निवडू नयेत. वरकस जमिनीचे, उशिरा लावणी करणारे, कोरडवाहू शेतकरीही असावेत. अन्यथा निष्कर्ष निवडक जमिनीचाच ठरतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर – निवाडा. पीक पक्वतेजवळ आल्यावर शिवारफेरी काढावी. प्रत्येक वाणासमोर एक पिशवी टांगावी. स्त्रियांना व पुरुषांना वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या देऊन पसंतीची व नापसंतीची वाणे निवडण्यास सांगावे. ही मोजणी संशोधकाच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची मानावी. कापणीच्या वेळी प्रत्येक वाणातून ५ मीटर × ५ मीटर क्षेत्राची कापणी करून मळलेले धान वाळवून वजन करावे. २५ चौरस मीटरमधील किलोंना ४०० ने गुणले असता हेक्टरी किलो मिळतात. उदाहरणार्थ, १० किलो धान निघाल्यास उतारा हेक्टरी ४,००० किलो, म्हणजे ४० क्विंटल होतो. हे गणित शेतकऱ्यासमोर, त्याच्याच वहीत करावे. तणसाचे वजनही नोंदवावे, कारण जनावरे पाळणाऱ्या घरात तणसावरच वाणाची पसंती ठरते.

कापणीनंतर – बियाणे आणि नोंद. पसंत पडलेल्या वाणाच्या बियाण्यासाठी शेजारच्या दुसऱ्या वाणापासून किमान ३ मीटर अंतर राखलेल्या प्लॉटमधील, भेसळ काढलेले धान घ्यावे. बियाणे १३ टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्यापर्यंत वाळवावे. साठवणीतील बियाण्याची पेरणीपूर्वी उगवण तपासावी. १०० दाण्यांपैकी किमान ८० उगवले तर ते पेरणीयोग्य समजावे. बियाणे बँकेच्या नोंदवहीत वाणाचे स्थानिक नाव, देणाऱ्या कुटुंबाचे नाव, गाव, वर्ष, जमिनीचा प्रकार आणि कुटुंबाने सांगितलेली वैशिष्ट्ये लिहावीत. वाण खरोखरच निराळे असल्यास वेगळेपणा, एकसारखेपणा व स्थिरता या निकषांवर त्याची नोंदणी करण्याचा विचार करावा. अर्ज शेतकऱ्याच्या किंवा गावाच्या नावे असावा. संस्था साहाय्यक म्हणून असावी.

जानेवारी – परतभेट. निष्कर्ष गावसभेत मांडावेत. जी वाणे अपयशी ठरली त्यांचीही माहिती सांगावी. अपयशाचा निष्कर्ष लपविला तर पुढच्या वर्षी तेच बियाणे दुसऱ्या गावात जाऊन तेथील शेतकऱ्याचे नुकसान करते.

६. टाळावयाच्या चुका

पहिली चूक म्हणजे सर्व निविष्ठा मोफत देणे. अशा चाचणीत शेतकरी वाणाचा निवाडा करीत नाही, अनुदानाचा करतो. नुकसानीची हमी द्यावी. नेहमीचा खर्च मात्र त्याचाच असावा. दुसरी चूक एकाच हंगामावरून निष्कर्ष काढण्याची. पाऊसमान बदलते, म्हणून किमान दोन, शक्यतो तीन हंगामांची माहिती हवी. तिसरी चूक स्वयंसेवी संस्थेने शेतकऱ्याच्या वतीने बोलत राहण्याची. संस्थेने दुवा व्हावे आणि शेतकरी गट स्वतः बोलू लागताच मागे सरावे. चौथी चूक निधीच्या मुदतीशी काम बांधण्याची. प्रकल्प तीन वर्षांचा असतो, पण बियाण्याला दरवर्षी पेरावे लागते. म्हणून प्रकल्प संपण्याच्या आधीच्या हंगामात बँकेची किल्ली, नोंदवही आणि निर्णय गावाच्या समितीकडे सोपवावेत.

७. निष्कर्ष

१८२० मध्ये एस्प्लनेडवर जमलेल्या मंडळींचा हेतू शुद्ध होता, पण प्रश्न ठरविणाऱ्यांत शेतकरी नव्हता. १९९४ मध्ये नांदेडच्या बांधावरून बियाणे गेले तेव्हा शेतकऱ्याची निवड उत्तम होती, पण ती कोणाची हे सांगणारी नोंद त्या बियाण्यासोबत गेली नाही. अकोल्यात गावाने स्वतःची नोंदवही आणि स्वतःची बँक राखली, म्हणून संशोधकाशी बरोबरीने व्यवहार करणे त्याला शक्य झाले. आपल्या कार्यक्षेत्रातील पुढचा करार करताना या तिन्ही गोष्टी पहिल्याच बैठकीत ठरवून घ्याव्यात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या तीन वर्षांत झालेल्या चाचण्यांपैकी किती खऱ्या अर्थाने चाचण्या होत्या आणि किती प्रात्यक्षिके?
२. त्या चाचण्यांचे आकडे आज शेतकऱ्यांच्या हाती आहेत काय? नसल्यास ते कोणाकडे आहेत?
३. आपल्या परिसरात वाण जपणारी किंवा निवडणारी कुटुंबे कोणती? त्यांच्या वाणाची नोंद कोठे झाली आहे?
४. वर दिलेल्या लेखी समजुतीच्या कागदाचा मसुदा आपल्या गावच्या प्रमुख पिकासाठी तयार करा आणि तो शेतकरी गटासमोर वाचून दुरुस्त करा.